अखाजीला गाडी तापली, तेव्हापासून बोनेट मी स्वतः उघडतो

गेल्या वर्षीच्या अखाजीची गोष्ट आहे. आमच्या खान्देशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण, मुलगी माहेरी आलीच पाहिजे, आणि तिला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. माझी बहीण साक्रीला दिलेली. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे करत साक्री, एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर निघालो, जाताना काहीच त्रास नाही, जेवण झालं, आणि परत निघायला व्हायची ती वेळ झालीच, दुपारचा दीड. गाडीत आई, बहीण, दोन भाचे, डिकीत आंब्याची पेटी. बाहेर ४३-४४ डिग्री असेल, एसी फुल.

धुळं मागे टाकलं, फागण्याच्या पुढे आलो आणि एसीमधून गरम हवा यायला लागली. मला वाटलं गॅस कमी झाला असेल, आई म्हणाली काच खाली कर थोडी, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर लाल थर्मामीटरचा दिवा. माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटा नाहीये, नुसता दिवा आहे, इंजिन थंड असताना निळा आणि जास्त तापलं की लाल, मधलं काहीच नाही. म्हणजे काटा हळूहळू वर चढतोय असं आधी दिसायची सोयच नाही, दिवा लागला तेव्हा गाडी तापलेली होती. आता कळतं की एसी गरम झाला हीच पहिली सूचना होती, कारण इंजिन तापलं की बऱ्याच गाड्यांमध्ये कॉम्प्युटर स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनवरचा भार कमी व्हावा म्हणून. ज्यांच्या गाडीत काटा नाही त्यांनी हे पक्कं डोक्यात ठेवा, उन्हात चालू गाडीचा एसी एकदम गरम झाला तर आधी इंजिन तापलंय का ते बघायचं, गॅसचं नंतर.

एका कडुलिंबाखाली गाडी घेतली, बंद केली, बोनेट उघडलं. आतून नुसती आग. रेडिएटरचं झाकण समोरच दिसत होतं आणि हातात पाण्याची बाटली होती, मी खरंच रुमाल गुंडाळून झाकणाला हात घालणार होतो. बाजूच्या शेतातून एक म्हातारेबाबा ओरडले, "ओ भो, आते हात नको लावजो, जयी जाशी!" ते जवळ आले, म्हणाले त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर असाच तापला होता, त्याने झाकण उघडलं आणि उकळतं पाणी थेट छातीवर. "अर्धा तास बशी ऱ्हाय, गाडी थंडी व्हवू दे." बहिणीने मुलांना झाडाखाली बसवलं, बाबांनी विहिरीवरून घागरभर पाणी आणून दिलं प्यायला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी १०० च्या वर असतं पण दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही, झाकण उघडून दाब सोडला की त्या क्षणी सगळं उकळून कारंज्यासारखं वर येतं. हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, पण त्या उन्हात, पोरं गाडीत असताना, आठवलं नाही.

पाऊण तासाने पाईप हाताला सोसवेल इतका थंड झाला तेव्हा जाड फडका ठेवून झाकण थोडं थोडं फिरवत उघडलं. आत पाणी दिसेचना. बाजूची कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, प्लास्टिकची बाटली पूर्ण कोरडी, तळाला नुसता तांबूस गाळ. बाबांनी विचारलं, "हाई कधी पाहेल व्हतं?" मला उत्तर देता आलं नाही.

घागरीतलं पाणी हळूहळू भरलं, एकदम नाही ओतायचं, गरम इंजिनावर गार पाणी एकदम गेलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं. गाडी चालू करून बघितली तर खालच्या मोठ्या पाईपाच्या क्लिपपाशी थेंब थेंब गळत होतं. एसी बंद, उलट हीटर फुल चालू केला, काचा खाली. हीटर म्हणजे केबिनच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर निघते. ४४ डिग्रीत हीटर लावून आईला बसवायचं म्हणजे जिवावर येत होतं पण दुसरा इलाज नव्हता. चाळीसच्या स्पीडने, मध्ये दोनदा थांबून पाणी टाकत पारोळ्यापर्यंत आलो. तिथे हायवेला लागूनच एक मिस्तरी मिळाले, त्यांनी पाईपाचा चिरलेला टोकाचा भाग कापला, नवीन क्लिप मारली, पाणी भरलं आणि म्हणाले हे घरी पोहोचण्यापुरतं आहे, जळगावला गेल्यावर सगळं उघडून घ्या. पैसे विचारले तर क्लिपचे तीस रुपये फक्त. "मुऱ्हायी बनी ऱ्हायना ना तू," म्हणे, बहिणीकडे बघून.

अखाजी झाली, झोके झाले, मांडे-सांजोऱ्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी एमआयडीसीकडच्या आमच्या ओळखीच्या मिस्तरींकडे गाडी लावली. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी ठरवलेलं होतं की आज दिवसभर उभं राहायचं, चावी देऊन संध्याकाळी यायचं नाही. कारण चारच महिन्यांपूर्वी एका मोठ्या वर्कशॉपला सर्व्हिसिंग करून घेतलेली होती, एसी लाऊंजमध्ये बसून चहा पीत, आणि त्यांच्या कागदावर "कूलंट लेव्हल" च्या पुढे बरोबरची खूण होती. बाटलीत त्या दिवशी लेव्हल असेलही, पण आत कूलंट होतं का पाणी हे कोणी बघितलं नाही. आणि मीही नाही.

आप्पांनी आधी ऑईल टाकायचं झाकण उघडून खालून बघितलं, मग ऑईलची पट्टी ओढून दोन बोटांत ऑईल चोळलं. मला म्हणाले इथे ताकासारखं पांढरट दिसलं असतं तर पाणी ऑईलमध्ये गेलं, हेडचं गॅस्केट गेलं, मग खर्च वेगळाच. ऑईल काळं होतं पण स्वच्छ काळं. मग गाडी चालू करून सायलेन्सरचा धूर बघितला, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितलं. नाही आले. माझा जीव भांड्यात पडला, कारण लाल दिवा लागल्यावर मी "पुढे ढाबा येईल तिथे थांबू" म्हणत आणखी दोन किलोमीटर गाडी पळवली असती तर हे चित्र राहिलं नसतं.

मग रेडिएटर खालून सोडला. जे पाणी आलं ते बिनदुधाच्या चहासारखं, लालसर, आणि खाली पातेल्यात पांढरी खर बसली. आप्पा म्हणाले हे बोअरचं पाणी आहे. मी आठवून बघितलं तर खरंच, ज्या वॉशिंग सेंटरला मी दर पंधरा दिवसांनी गाडी धुवायचो तिथला मुलगा आपुलकीने बोनेट उघडून "पाणी कमी होतं भाऊ, टाकून दिलं" म्हणायचा, आणि मी त्याला दहा रुपये जास्त द्यायचो. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड की घरी गीझरचा कॉईल दोन वर्षांत दगडासारखा होतो, तेच पाणी रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये जात होतं. कूलंट म्हणजे नुसता रंग नाही. पाणी १०० ला उकळतं, अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं मिश्रण १०७ च्या आसपास, आणि रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा तेच १२५ च्या पुढे जातं. शिवाय त्यात गंज न धरणारी केमिकल्स असतात. नुसतं पाणी टाकत गेलो की उकळबिंदू पण खाली येतो आणि आतून गंज पण सुरू होतो, दोन्ही एकदम.

झाकणावर ०.९ असा आकडा असतो, काहींवर १.१, तो दाब आहे, बार या मापात. माझ्या झाकणाचं खालचं रबर कडक होऊन चिरलेलं होतं, स्प्रिंग दाबली तर सैल. म्हणजे दाब धरतच नव्हतं. १८० रुपयांची वस्तू. पण गाडी तापते तेव्हा बहुतेक लोक थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर बदलायला निघतात आणि झाकण कोणी बघत नाही, आप्पांचं हे म्हणणं मला पटलं.

पण खरा धक्का पुढे होता. त्यांनी पुढचं बंपर सैल केलं आणि मला म्हणाले इकडे या, वाका, बघा. सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते, त्याच्या मागे चिकटून रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट. त्या फटीत कापूस. खरा कापूस, आपला, शेतातला. हिवाळ्यात कापसाच्या भरलेल्या गाड्या जिनिंगला जातात, त्यांच्या मागे आपण रोज चालतो, उडालेले कापसाचे तंतू आत ओढले जातात, वर उन्हाळ्यातला फुफाटा बसतो, त्यात किडे, आणि सगळ्याची मिळून गोधडीसारखी एक थरच तयार झालेली होती. आप्पांच्या हेल्परने मऊ ब्रशने ती सोडवली तर हाताएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा निघून आला, एका बाजूला रेडिएटरच्या जाळीचा ठसा उमटलेला. तो तुकडा मी मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय. पंखा कितीही फिरला तरी हवा जायला जागाच नव्हती. साफ करताना त्यांनी पाणी आतून बाहेरच्या दिशेने मारलं, साध्या नळीने, प्रेशर गन जवळून मारली तर त्या पातळ पात्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. माझ्या जाळीचा एक कोपरा असाच वाकलेला निघाला, वॉशिंग सेंटरची कृपा नको म्हणायला, मीच "समोरून जोरात मार" सांगायचो.

जळगाव, धुळे, नंदुरबार, आपल्याकडे कपाशी, फुफाटा आणि उन्हाळा तिन्ही आहेत, त्यामुळे मला वाटतं दिवाळीनंतर एकदा आणि मार्च संपायच्या आत एकदा ही जाळी उघडून बघितलीच पाहिजे. गाडीच्या पुस्तकात हे इतकं स्पष्ट लिहिलेलं नसतं. पण पुस्तकात एक दुसरी गोष्ट असते जी मी त्या दिवशी गॅरेजच्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा वाचली, धुळीच्या रस्त्यावर किंवा रोज थोड्या थोड्या अंतरावर गाडी वापरत असाल तर सर्व्हिसिंग लवकर करायची, त्याचा तक्ता वेगळा दिलेला असतो. आपण सगळे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष हेच धरून चालतो. माझं घर ते ऑफिस चार किलोमीटर, इंजिन धड गरम होत नाही तोवर बंद, आणि रस्ता खोदलेला. म्हणजे मी त्या दुसऱ्या तक्त्यातला माणूस आहे, आणि सहा वर्षं पहिल्या तक्त्याने चाललो.

रेडिएटर तीनदा साध्या पाण्याने धुतला, शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवलं, मग तयार मिसळलेलं कूलंट भरलं. रंग बघून कूलंट घ्यायचं नाही, हिरवं-निळं-गुलाबी कंपनीगणिक वेगळं असतं, पुस्तकात जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच, आणि दोन प्रकार एकत्र करायचे नाहीत. भरल्यावर झाकण उघडं ठेवून, हीटर चालू ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवलं, वरचा पाईप हाताने दाबत राहिले, बुडबुडे येत राहिले आणि लेव्हल खाली जात राहिली. आत हवा अडकली तर नवीन कूलंट असूनही गाडी तापते. हे काम घाईचं नाही, म्हणूनच बहुतेक ठिकाणी घाईत होतं. शेवटी स्कॅनर लावून मला टेंपरेचर दाखवलं, पंखा आपोआप चालू झाला, आकडा खाली आला, पंखा बंद झाला, परत चालू. दोन फेऱ्या बघितल्यावर मी हो म्हटलं.

जुनं कूलंट मिसळलेलं पाणी आप्पांनी कॅनमध्ये भरून झाकण लावलं, गटारीत सोडलं नाही. ते चवीला गोड असतं, कुत्री, वासरं चाटतात आणि मरतात. हे मला माहीतच नव्हतं. घरी कोणी कूलंट बदलत असेल तर अंगणात सांडू देऊ नका.

बाकीची कामं पटापट झाली. ऑईल आणि ऑईल फिल्टर. एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला तर मुठीएवढी काळी माती पडली. एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन क्लिपा दाबल्या की डबा खाली येतो, हे काम कोणीही घरी पाच मिनिटांत करू शकतो. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, माझं साडेतीन वर्षांचं होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळी पावडर आलेली होती, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतली, आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. लोक म्हणतात थंडीत बॅटरी जाते, पण ती मरते उन्हाळ्यात, उष्णतेने आतून खराब होते आणि थंडीत फक्त उघडी पडते. गाडी चालू असताना मीटरवर १४.१ व्होल्ट दाखवलं म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक.

टायरवर मात्र माझी आणि आप्पांची चांगली चर्चा झाली. मी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचो, वडिलांनी सांगितलेलं, गरमीत हवा फुगते म्हणून दोन-तीन पॉईंट कमी. आप्पा म्हणाले हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक चक्कराला जास्त दबते, जास्त वाकते, त्यानेच टायर तापतो आणि चौपदरी हायवेवर शंभरच्या स्पीडला फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर जेवढी लिहिली तेवढी, सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना. दहा किलोमीटर चालवून पंपावर मोजली तर आकडा जास्तच दिसणार, ती हवा काढायची नाही. मग त्यांनी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला लावले, २८१९. म्हणजे २०१९ चा २८ वा आठवडा. टायर सहा वर्षांचे व्हायला आले होते. नक्षी चांगली होती, खाचेतल्या १.६ मिलीमीटरच्या खुणेपासून बरीच वर, पण बाजूला वाकवून बघितलं तर केसासारख्या भेगा. गाडी कमी चालली म्हणून टायर चांगले असं नसतं, आपलं ऊनच त्यांना खातं. चारही बदलले, तो खर्च वेगळा.

टायर सोडून बिल झालं ६,१६० रुपये. पाईप, झाकण, क्लिपा, पाच लिटर कूलंट, ऑईल, तीन फिल्टर, ब्रेक ऑईल आणि मजुरी. हेडचं काम निघालं असतं तर याच्या चार-पाच पट गेले असते, असं आप्पा म्हणाले.

तेव्हापासून माझा रविवार सकाळचा नेम आहे, चहाच्या आधी, इंजिन थंड असताना. बोनेट उघडायचं, कूलंटची बाटली मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का, ऑईलची पट्टी पुसून परत घालून बघायची, ब्रेक ऑईलची बाटली, गाडीखाली वाकून रात्रीतून काही डाग पडलाय का, टायरला हवा. लेव्हल एकदा कमी झाली तर भरायची, पण दुसऱ्या रविवारी परत कमी दिसली तर भरत बसायचं नाही, गळती शोधायची. कूलंट बंद फेऱ्यात फिरतं, ते संपायला नको असतं. डिकीत एक लिटर तयार कूलंट, दोन बाटल्या पाणी, जाड फडका, हातमोजा आणि दोन क्लिपा कायम. वॉशिंग सेंटरच्या मुलाला सांगून ठेवलंय की बोनेटला हात लावू नको, दहा रुपये तुला तसेही देतो.

आठ दिवसांनी बहिणीला परत सोडायला गेलो. आईने सांजोऱ्यांचे दोन डबे भरून दिले होते, एक फागण्याच्या बाबांचा आणि एक पारोळ्याच्या मिस्तरींचा. मिस्तरी एका पिकअपखाली झोपलेले होते, बाहेर आले, हात पुसले, डबा बाजूला ठेवला आणि आधी माझं बोनेट उघडलं. नवीन पाईप बोटाने दाबून बघितला, बाटलीवर टिचकी मारून लेव्हल बघितली, खाली वाकून जाळीतून आरपार उजेड दिसतो का बघितला. मग बोनेट लावून बहिणीला म्हणाले, "आते भ्यावानं काम नही, जाय बिनघोर."